तीन ट्रॅक, एकच डोंगर

आज जरा चिडूनच लिहितोय. विषय रुक्ष आहे, पण सांभाळून घ्या.

लोणावळा-कर्जत घाटात रेल्वेचे तीन ट्रॅक आहेत. तरी पावसाळ्यात मोठी दरड आली की तिन्ही एकदम अडू शकतात. कारण ट्रॅक तीन असले तरी डोंगर एकच! हे दरवर्षी बघणारे आपण डीएनएस क्लस्टर लावताना मात्र साफ विसरतो.

डोमेन घेताना किमान दोन नेमसर्व्हर द्यावे लागतात. मग आपले लोक काय करतात? एकाच मशिनला दोन आयपी देतात, एनएस१ आणि एनएस२ अशी नावं ठेवतात आणि छाती फुगवून म्हणतात, "क्लस्टर केलाय!" अरे, हा क्लस्टर नाही, ही एकाच माणसाची दोन व्हिजिटिंग कार्डं झाली.

लोणावळ्यातल्या एका ओळखीच्या रिसॉर्टवाल्यांची साइट ऐन लाँग वीकेंडला अशीच झोपली. वेब सर्व्हर ठणठणीत होता. पण दोन्ही नेमसर्व्हर एकाच रॅकमध्ये, आणि त्या रॅकचा स्विच गेला. ज्यांच्या आयएसपीच्या कॅशमध्ये पत्ता शिल्लक होता त्यांना साइट दिसत होती, बाकीच्यांना नाही. होस्टिंगवाला आपला एकच पालुपद लावून, "आमच्याकडे तर चालतंय!" बुकिंग गेलं ते गेलंच.

बरं, हे काही नवीन ज्ञान नाही. जानेवारी २००१ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टचे चारही नेमसर्व्हर एकाच नेटवर्कवर होते. राउटरच्या कॉन्फिगरेशनमध्ये गडबड झाली आणि त्यांच्या साइट जवळपास दिवसभर गायब! त्याच्याही आधी, १९९७ च्या आरएफसी २१८२ मध्ये स्पष्ट लिहिलंय, की सेकंडरी सर्व्हर वेगळ्या गावात आणि वेगळ्या नेटवर्कवर ठेवा.

आणि यंत्रणा तरी किती सोपी! प्रायमरीवर झोन बदला, सीरियल नंबर वाढवा. प्रायमरी नोटिफाय पाठवतो, सेकंडरी नवा झोन ओढून घेतो. टीसिगची की लावली की मधला कोणी घुसखोरी करत नाही. प्रायमरी मेला तरी एक्सपायरीची मुदत संपेपर्यंत, म्हणजे नीट ठेवली तर दोन ते चार आठवडे, सेकंडरी उत्तरं देत राहतो. फक्त एक लक्षात ठेवा: चुकून झोनमधल्या नोंदी उडवून सीरियल वाढवलात तर त्या सगळीकडे उडतात. क्लस्टर म्हणजे बॅकअप नव्हे.

"परवडत नाही हो," हे कारण तर सांगूच नका. डीएनएसला लहानसं व्हीपीएस पुरतं. तेही नको? मग दुसऱ्या शहरातल्या मित्राशी साटंलोटं करा: तू माझा सेकंडरी, मी तुझा. फुकटात काम होतं.

प्रश्न पैशाचा नाही, आळसाचा आहे. आपल्याला चेकलिस्टवर टिक हवी असते, खात्री नको असते. सोमवारी ऑफिसात गेलात की एकच करा. प्रायमरी बंद करून बाहेरच्या नेटवर्कवरून डिग मारा. उत्तर आलं तर क्लस्टर. नाही आलं, तर क्लायंटला निदान तसं खरं सांगा.