ऐकावे, वाचावे : दोन भागांची चाल

वर्षभर या सदरात मी पुस्तकांची कडूगोड चर्चा केली तरी चालते. दिवाळी अंकात मात्र आपल्याला जे मनापासून आवडले तेवढेच वाचकांच्या पानात वाढायचे, असा आमच्या संपादकांचा दंडक आहे. यंदा मी वाढणार आहे आयर्लंडचे लोकसंगीत. पदार्थ परका आहे खरा, पण एक घास घेऊन तर पाहा!

गेल्या दिवाळीत कन्या सोऱ्या दाबीत होती, सौ. चकल्या तळीत होत्या आणि माझ्या वाट्याचे काम म्हणून मी संगीत लावून बसलो होतो. दहा मिनिटांनी स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, ती तबकडी अडकली आहे का? मघापासून एकच चाल ऐकतेय मी!"

आता संगीत फोनवर वाजते, तेव्हा तबकडी अडकण्याचा प्रश्नच नव्हता. पण सौभाग्यवतींचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. आयरिश नाचाच्या चालीचे बहुधा दोन भाग असतात. पहिला दोनदा वाजवायचा, मग दुसरा दोनदा, की एक फेरी पुरी झाली. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की न थांबता दुसरी चाल धरायची. जिग नावाचा प्रकार सहाच्या अंगाने चालतो, त्यामुळे दादरा ऐकलेल्या कानाला तो फारसा परका वाटत नाही. रील चारच्या अंगाने धावते. गंमत अशी, की कसलेला वादक दुसऱ्या फेरीत एखादा सूर किंचित वळवतो, तिसरीत एखादी जागा मोकळी सोडतो. तेवढे कानाने टिपता आले, की पुनरुक्तीची तक्रार उरत नाही.

प्रारंभ कशाने करावा? माझे मत विचाराल तर मार्टिन हेज आणि डेनिस केहिल यांच्या 'द लोन्सम टच' या १९९७ च्या मुद्रिकेने. हेज हे काउंटी क्लेअरचे व्हायोलिनवादक. आयरिश माणसे व्हायोलिनला फिडल म्हणतात. वाद्य तेच, बाज निराळा. केहिल यांची गिटार साथीला आहे, पण ती कोठेही पुढे पुढे करीत नाही. हेज चाल इतकी सावकाश उलगडतात, की आलाप ऐकणाऱ्या आपल्या मंडळींना तेथे घरच्यासारखे वाटावे. केहिल २०२२ साली वारले, म्हणून ही जोडी आता मुद्रिकांतच भेटायची.

त्यानंतर गाणे ऐकावे. जो हीनी हा कॉनेमाराच्या किनाऱ्यावरील कार्ना गावचा गायक. साथीला कोणतेच वाद्य नाही, ठेकाही नाही. केवळ कंठ आणि त्यातली बारीक नक्षी. या जुन्या गायकीला 'शान-नोस' म्हणजे 'जुनी रीत' असेच नाव आहे. पोटासाठी हा माणूस न्यूयॉर्कमध्ये एका इमारतीचा दारवान झाला होता. पुढे १९८२ साली अमेरिकेने त्याला लोककलेचा राष्ट्रीय सन्मान दिला. 'द रोड फ्रॉम कॉनेमारा' या संचात १९६४ साली मुद्रित केलेली त्याची गाणी आणि आठवणी आहेत.

तिसरा मायकेल कोलमन. हा स्लायगो परगण्याचा फिडलवादक १९१४ साली अमेरिकेला गेला आणि १९२१ ते १९३६ या काळात त्याने न्यूयॉर्कमध्ये तबकड्या भरल्या. काही मुद्रिकांत साथीचा पियानो भलतेच आपटतो, तिकडे दुर्लक्ष करावे. त्या तबकड्या आगबोटीने परत आयर्लंडला गेल्या आणि खेडोपाडीचे वादक त्यांच्यावरून शिकू लागले. त्यामुळे स्लायगोचा बाज देशभर पसरला, आणि कित्येक गावांचा स्वतःचा बाज मात्र त्यापुढे फिका पडला. जपणूक करणारी वस्तू थोडे पुसूनही टाकते, हे येथे ध्यानात येते.

आता पुस्तके. या संगीताचा सर्वांत नामांकित ग्रंथ एका पोलीस अधिकाऱ्याने सिद्ध केला, असे सांगितले तर खरे वाटेल का? फ्रान्सिस ओनील १८४८ साली कॉर्क परगण्यात जन्मला. बटाट्याच्या दुष्काळाचे ते दिवस होते. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे दगावली आणि तितकीच देश सोडून गेली. ओनील तरुणपणी खलाशी झाला, मग शिकागोच्या पोलिसांत शिरला आणि १९०१ मध्ये तेथला पोलीसप्रमुख झाला. शहरात आयर्लंडच्या नाना परगण्यांची माणसे होती आणि प्रत्येकाच्या ओठी गावच्या चाली. त्या तो गोळा करीत सुटला. अडचण एकच: त्याला स्वरलेखन येत नव्हते! म्हणून तो चाल वाजवून किंवा गुणगुणून दाखवी आणि जेम्स ओनील नावाचा त्याचा पोलिसातलाच सहकारी ती कागदावर उतरवी. १९०३ साली 'म्यूझिक ऑफ आयर्लंड' निघाले, त्यात १८५० चाली आहेत. १९०७ च्या दुसऱ्या ग्रंथात नाचाच्या १००१ चाली आहेत.

आपल्याकडे पंडित भातखंडे वकिली बाजूला ठेवून चिजा जमवीत हिंडले, तो काळही साधारण हाच. दोघेही १९३६ साली वारले. एकमेकांचे नावही बहुधा त्यांच्या कानी गेले नसेल, पण दोघांना लागलेला ध्यास एकच.

स्वरलेखन न येणाऱ्यांनी ब्रेंडन ब्रानाख यांचे 'फोक म्यूझिक अँड डान्सेस ऑफ आयर्लंड' हे १९७१ चे छोटेखानी पुस्तक वाचावे. त्यात चालींचे प्रकार, वाद्ये, नाच असे सारे नेटके समजावले आहे. आणि केवळ वाचनाचा आनंद हवा असेल तर बेलफास्टचे कवी किअरन कार्सन यांचे 'लास्ट नाइट्स फन' घ्यावे. १९९६ च्या या पुस्तकात प्रकरणांना चालींचीच नावे आहेत. रात्रीच्या मैफली, दुसऱ्या दिवशीची न्याहारी, धूर, गप्पा, सारे त्यात येते. मराठीत असे पुस्तक कोणीतरी लिहावे.

येथवर लिहून मी थांबणार होतो. पण ओनीलची ती अडचण वाचल्यापासून एक गोष्ट मनात सलते आहे.

माझी आई फराळाचे करताना जात्यावरच्या ओव्या गुणगुणत असे. आमच्या दोन खोल्यांत जाते कधी नव्हतेच. ओव्या तिच्या आईच्या. मी पडलो मराठीचा प्राध्यापक! मोठ्या उत्साहाने वही घेऊन बसलो आणि पाठभेदांसकट साठ-सत्तर ओव्या उतरवून घेतल्या. आई म्हणाली, "अरे, नुसतं काय लिहितोस? म्हणून बघ की." मी हसलो. खिशात फोन होता, तो काढावा असे सुचले नाही. आई जाऊन तीन वर्षे झाली. वही कपाटात आहे, शब्द न् शब्द शाबूत आहे. चाल मात्र गेली. मी ती आठवायला बसलो की दुसऱ्याच कुठल्या गाण्याची चाल ओठांवर येते.

परवा सौ.ना हे सांगितले. त्या म्हणाल्या, "कल्याणच्या मावशींना येत असतील की! त्यांच्या आईच्याच ना त्या?"

मावशी ऐंशीच्या घरात आहेत. फोन केला तर म्हणाल्या, "येतात रे, पण ताईची चाल वेगळी होती हो. मी आपली माझ्या पद्धतीनं म्हणते."

आयरिश वादकाला हे सांगितले असते तर त्याला नवल वाटले नसते. यंदा भाऊबीजेला आम्ही कल्याणला जाणार आहोत. कन्येला पेटी शिकून चार वर्षे झाली, ती स्वर लिहून घेणार आहे. आणि या खेपेस फोन मी आठवणीने बाहेर काढणार आहे.