लवकर प्रवेश : घाई की शहाणपणा?

अमेरिकेत पदवीनंतर डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्यांसाठी ‘अर्ली डिसिजन’ ही एक सोय आहे. यात १ ऑगस्टपर्यंत एकाच मेडिकल कॉलेजकडे अर्ज करायचा. निकाल १ ऑक्टोबरपर्यंत कळतो. प्रवेश मिळाला, तर महिनोन्‌महिने जीव टांगणीला लागत नाही, ढीगभर अर्जांचा खर्चही वाचतो. मात्र मग तिथेच जावे लागते.

नकार आला तर? तोपर्यंत दुसरीकडे अर्ज करता येत नाही आणि इतर कॉलेजांच्या मुलाखती एव्हाना सुरू झालेल्या असतात. तेव्हा पदवीचे गुण व ‘एमकॅट’ परीक्षेचा निकाल भक्कम असेल आणि तेच कॉलेज मनापासून हवे असेल, तरच ही वाट धरावी. केवळ आईवडिलांची काळजी लवकर मिटावी म्हणून नव्हे!