दूध गेले कुठे?

२१ सप्टेंबर १९९५ रोजी दिल्लीपासून मुंबईपर्यंत गणपतीच्या देवळांपुढे रांगा लागल्या होत्या. प्रत्येकाच्या हातात दुधाचे भांडे आणि चमचा. चमचा सोंडेला टेकवून जरासा कलता केला की त्यातले दूध हळूहळू नाहीसे होई. ही वार्ता त्याच दिवशी परदेशातल्या हिंदू मंदिरांतही पोहोचली आणि तिथेही तेच घडले. रांगेत अडाणी होते तसे शिकलेसवरलेलेही होते. त्यांतले बहुतेक जण खोटे बोलत नव्हते. चमच्यातले दूध खरोखरच जात होते.

चमत्काराची चिकित्सा करणाऱ्यांनी ही गोष्ट आधी मान्य करायला हवी. ‘इतकी माणसे काय खोटे सांगतात?’ असा सवाल त्यांना नेहमी केला जातो आणि तो रास्त आहे. पण चमचा रिकामा झाला हे डोळ्यांनी पाहिलेले असते, मूर्ती दूध प्यायली हा त्याला मनाने जोडलेला अर्थ असतो. मधला प्रश्न रांगेतल्या कोणी विचारलाच नाही : ते दूध गेले कुठे?

तो विचारला केंद्र सरकारच्या विज्ञान खात्याच्या शास्त्रज्ञांनी. दिल्लीच्या एका देवळात त्यांनी दुधात रंग मिसळला आणि मग चमचा मूर्तीला लावला. पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून ओढले गेले आणि रंगीत थर मूर्तीच्या अंगावरून खाली ओघळताना दिसला. पांढऱ्या संगमरवरावर पांढऱ्या दुधाचा पातळ ओघळ दिसत नव्हता, इतकेच. या परीक्षेला ना प्रयोगशाळा लागली, ना मोठा खर्च.

ऑगस्ट २००६ मध्ये माहीमच्या खाडीजवळ समुद्राचे पाणी गोड झाल्याची बातमी पसरली. मखदूम शाह बाबांच्या दर्ग्याशी तिचा संबंध जोडला गेला आणि हजारो लोक रात्रीतून किनाऱ्यावर आले. पाणी पूर्वीइतके खारट नव्हते, ही त्यांची साक्षही खरीच होती. ऐन पावसाळ्यात मिठी नदीतून प्रचंड गोडे पाणी खाडीत येते, ते समुद्राच्या पाण्यापेक्षा हलके असल्याने वर राहते. पण त्याच नदीतून मुंबईचे सांडपाणी आणि कारखान्यांची घाणही येते. पाणी पिऊ नका, असे प्रशासन सांगत होते आणि माणसे बाटल्या भरून ते घरी नेत होती, लहान मुलांना पाजत होती.

मार्च २०१२ मध्ये विलेपार्ल्याजवळच्या इर्ला भागात एका चर्चबाहेरच्या क्रूसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागले. भाविकांनी ते तीर्थ म्हणून गोळा केले. विवेकवादी कार्यकर्ते सनल एडामारुकू यांनी भिंतीचा माग काढला तेव्हा जवळच्या तुंबलेल्या गटारातले पाणी केशाकर्षणाने भिंतीतून वर चढत असल्याचे आढळले. बक्षीस म्हणून त्यांच्या वाट्याला धार्मिक भावना दुखावल्याच्या पोलीस तक्रारी आल्या. त्याच वर्षी ते देश सोडून फिनलंडला गेले.

देऊळ, दर्गा, चर्च. तिन्ही ठिकाणी घटना खरी होती, अर्थ घाईने लावलेला होता आणि दोन ठिकाणी त्या घाईने लोकांच्या पोटात घाण पाणी गेले. दुसऱ्या धर्माच्या चमत्काराला हसणारा माणूस स्वतःच्या धर्माच्या रांगेत मात्र हात जोडून उभा राहतो. कसोटीचा अर्थ तिन्हींना एकच माप लावणे हा आहे.

श्रद्धेला पुरावा लागत नाही, असे यावर म्हटले जाते. देवावरच्या विश्वासापुरते ते मान्य करता येईल. पैठणला रेड्याने वेद म्हटले की नाही, यावर ज्ञानेश्वरीतल्या एकाही ओवीचे मोल ठरत नाही. पण ‘हे पाणी प्या, आजार जाईल’ हे विधान आजाराबद्दलचे आहे आणि ते औषधाइतक्याच कठोरपणे तपासले गेले पाहिजे.

अशी तपासणी श्रद्धावंतांनाही वर्ज्य नाही. फ्रान्समधल्या लूर्दच्या झऱ्याने बरे झाल्याचा दावा करणाऱ्यांसाठी तिथे १८८३ पासून वैद्यकीय कार्यालय आहे. आजार गंभीर होता का, निदान पक्के होते का, गुण अचानक आणि पूर्ण आला का, तो टिकला का, उपचारांनी तो येणे शक्य होते का, हे डॉक्टर कागदपत्रांवरून पाहतात. हजारो दाव्यांतून चर्चने आजवर चमत्कार म्हणून मान्य केलेल्यांची संख्या सत्तरीच्या थोडीच पुढे आहे. १९७० नंतर त्यांत जेमतेम दहाची भर पडली. तुटलेला हात किंवा पाय पुन्हा उगवल्याचे एकही उदाहरण त्या यादीत नाही. शिवाय डॉक्टर फक्त ‘सध्याच्या वैद्यकशास्त्राला कारण सांगता येत नाही’ इथवरच येतात, चमत्कार ही मोहोर बिशप उमटवतात. कारण न सापडणे आणि दैवी कारण सापडणे यांत मोठे अंतर आहे. तरीही निकष आधी ठरवायचे आणि बहुतेक दावे नाकारायचे, एवढे धैर्य त्या व्यवस्थेत आहे.

महाराष्ट्रात हे धैर्य महागात पडले आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षे ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी झुंज दिली, त्याचा वटहुकूम २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाल्यानंतर काही दिवसांत निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणे आणि त्यांच्या प्रचारातून लोकांना फसवणे त्याने गुन्हा ठरते. पण माहीमच्या किनाऱ्यावर कोणी भोंदू नव्हता. तिथे कोणाला पकडणार?

म्हणून पहिली जबाबदारी देवस्थानांच्या विश्वस्तांवर आणि बातमी देणाऱ्यांवर येते. दुधाचा दावा असेल तर रंग मिसळून पाहा. पाण्याचा असेल तर ते कुठून येते ते शोधा, नमुना प्रयोगशाळेत पाठवा आणि अहवाल येईपर्यंत कोणाला पिऊ देऊ नका. रोग बरा झाल्याचा असेल तर आधीचे आणि नंतरचे वैद्यकीय कागद मागा, चालू उपचारांची चौकशी करा. वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी हे होईपर्यंत ‘चमत्कार’ हा शब्द मथळ्यात घेऊ नये. आणि तपासायला येणाऱ्याविरुद्ध तक्रार घेऊन कोणी ठाण्यात गेलेच, तर पोलिसांनी त्याने काय शोधले ते आधी जागेवर जाऊन पाहावे.