प्रकाशाने घडविलेली सुई

सुईच्या अग्रावर राहील एवढीही भूमी पांडवांना देणार नाही, असे दुर्योधनाने म्हटल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. सुईचे अग्र म्हणजे अगदी नगण्य वस्तू, ही त्या बोलण्यामागची कल्पना. परंतु त्याच अग्रावर लस ठेवून ती मनुष्यदेहात पोहोचविण्याची विद्या आज आकारास येत आहे. तिच्याविषयी आमचे मत वाचकांपुढे ठेवावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

दहाव्या आणि सोळाव्या वर्षी आपल्याला धनुर्वात व घटसर्प यांच्या प्रतिबंधाची लस टोचून घ्यावी लागते. त्या दिवशी मैदानावरचे भलेभले वीर मागच्या बाकाचा आश्रय घेतात! आपण हसतो खरे. पण सुईच्या भयाने जो त्या दिवशी घरीच राहतो, तो लसीस मुकतो, आणि ही गोष्ट हसण्यासारखी नाही.

आता या नव्या सुया पाहा. त्यांची उंची बहुधा एक मिलिमीटरहूनही कमी असते. बोटाच्या पेराएवढ्या पट्टीवर अशा शेकडो सुया बसू शकतात. त्वचेचा सर्वांत वरचा थर निर्जीव पेशींचा असून तो मिलिमीटरच्या शतांशाच्या आसपास जाड असतो. तो भेदून ही सुई त्याखाली थोड्याच खोलीवर थांबते. खोलवरच्या मज्जातंतूंना ती फारशी डिवचीत नाही, म्हणून वेदना अल्प होते. सुई विरघळणाऱ्या पॉलिमरची असेल, तर ती त्वचेतील ओलाव्याने विरघळते आणि तिच्यात मिसळलेले औषध मागे राहते.

एवढी सूक्ष्म वस्तू घडवावयाची कशी? येथे प्रकाश कारागीर होतो. दाताच्या डॉक्टरांकडे निळा प्रकाश पाडून मऊ लुकण क्षणात कठीण केलेले आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. तत्त्व तेच. द्रवरूप राळेतील सुटे रेणू प्रकाश पडताच एकमेकांचे हात धरून साखळ्या करतात आणि द्रवाचा घन होतो. जेथे प्रकाश पडेल तेवढाच भाग कठीण होत असल्याने एकावर एक थर देऊन हवा तो आकार उभारता येतो. अमेरिकेतील चार्ल्स हल यांना या पद्धतीचे पेटंट 1986 साली मिळाले. पुष्कळदा प्रकाशाने केवळ मूळ नमुना घडवितात, त्यावरून सिलिकोनचा साचा काढतात आणि त्यात विरघळणारे पॉलिमर ओतून सुया तयार करतात.

आम्ही राहतो ते हजीरा तापीच्या मुखाशी आहे. येथील कारखान्यांत पीव्हीसी आणि पॉलिएस्टर हजारो टनांनी तयार होते. खानदेशातून येऊन सुरतेच्या परिसरात स्थायिक झालेल्या कितीतरी मराठी कुटुंबांची चूल कारखान्यांच्या पाळ्यांवर पेटते. मात्र पॉलिमर म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे नळ, पोती आणि नाल्यात तुंबलेल्या पिशव्याच येतात. ज्या जातीच्या पदार्थाचे मोल आपण टनांनी करतो, त्याच जातीच्या पदार्थाचे मोल मिलिग्रॅमनेही करता येते, हे आम्हांस कोणी शिकवीत नाही. ही उणीव दूर व्हावी, असे आमचे आग्रहाचे मत आहे.

कोणी म्हणेल, साधी सुई स्वस्त आहे. मग हा खटाटोप कशास? आक्षेप योग्य आहे. परंतु साध्या सुईस शिकलेला हात लागतो, आणि वापरलेल्या सुया उकिरड्यावर पडल्या तर कचरा वेचणाऱ्यांच्या हाताला त्या टोचतात. विरघळणारी सुई मागे टोकच ठेवीत नाही. गांबिया देशात गोवर व रुबेला यांची लस अशा पट्टीने लहान मुलांस देऊन पाहण्यात आली. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ती सुरक्षित आढळली आणि तिचा परिणाम इंजेक्शनच्या तोडीचा दिसला.

तथापि उत्साहाच्या भरात सावधपणा सुटू नये. पट्टीत औषध थोडेच मावते. प्रकाशाने न जुळलेले राळेचे रेणू शिल्लक राहिल्यास ते पेशींना अपायकारक ठरू शकतात. प्लेगवरील लस 1897 साली मुंबईत प्रथम स्वतःस टोचून घेणाऱ्या हाफकीन यांचे उदाहरण विसरता येत नाही. 1902 साली पंजाबातील मलकोवाल येथे एका बाटलीतील लस दूषित होऊन 19 माणसे धनुर्वाताने दगावली. हाफकीन निर्दोष ठरले; पण त्यास काही वर्षे लागली. औषध कितीही गुणकारी असो, ते तयार करणाऱ्या प्रत्येक हाताची शुद्धता तेवढीच मोलाची, हा त्यातील धडा होय. म्हणून पूर्ण कसोटीनंतरच अशी पट्टी घरोघर जावी. तोवर आहे ती सुई न चुकता टोचून घेणे, हेच आपले कर्तव्य.

विद्यार्थीमित्रांनो, 1994 साली सुरतेत प्लेगच्या भयाने लोक घरेदारे सोडून पळाले, हे वडीलधाऱ्यांकडून आपण ऐकले आहे. भयावर उपाय पळ काढणे हा नसून ज्ञान हा आहे. रसायनशास्त्राच्या तासाला साखळी-रेणूंची आकृती काढताना ती केवळ गुणांसाठी काढू नका. वडील ज्या कारखान्यात पाळीला जातात तेथे काय घडते, हे त्यांना एकदा विचारा. कोणी सांगावे, दुर्योधनाने क्षुद्र मानलेल्या त्या अग्रावर उद्या हजीऱ्याच्याच एखाद्या मुलीचे कार्य उभे राहील!