वर मजला चढवा, पण पाइपाचे तोंड बंद करू नका

खाली दुकान किंवा कारखाना आणि वर घर, ही धुळे-जळगावच्या आमच्या वस्त्यांची जुनी रीत. मुलाचे लग्न ठरले की वर एक खोली चढते आणि तिच्याबरोबर संडास-बाथरूमही येते. सळई, सिमेंट, फरशीचा भाव आम्ही दहा ठिकाणी विचारतो. व्हेंट पाइप, म्हणजे सांडपाण्याच्या नळाला हवा देणारा पाइप, कोठून जाणार हे मात्र कोणी विचारीत नाही.

आम्हीही विचारले नव्हते. वरचे बाथरूम सुरू झाले आणि खाली दुकानात दुर्गंधी सुटली. कापड वास लगेच धरते. आम्ही उदबत्त्या लावीत राहिलो आणि गिऱ्हाईक ठाण न उलगडताच उठून जात राहिले. अखेर भिंत फोडली तेव्हा उलगडा झाला. पूर्वी गच्चीवर उघडा असलेला पाइप मिस्त्रीने नव्या खोलीखाली कापून टोपी लावून बंद केला होता.

यामागचे कारण साधे आहे. संडासाच्या भांड्यात आणि नहाणी ट्रॅपमध्ये सुमारे दोन इंच पाणी कायम उभे असते. गटाराचा वायू तेच अडवते. वरून फ्लशचे पाणी कोसळले की नळात हवा कमी पडते. ती वरून मिळाली नाही, तर खालच्या ट्रॅपमधले पाणीच ओढले जाते आणि वायूला वाट मोकळी होते. तेलाच्या डब्याला एकच भोक असले की तेल गुडगुडत येते, दुसरे पाडले की सरळ धार लागते. व्हेंट पाइप हे ते दुसरे भोक होय.

प्रश्न केवळ वासाचा नाही. 2003 साली हाँगकाँगच्या अॅमॉय गार्डन्स वसाहतीत तीनशेहून अधिक लोकांना सार्सची लागण झाली. बाथरूममधले कोरडे पडलेले ट्रॅप हे त्याचे एक मोठे कारण मानले गेले. खानदेशच्या उन्हाळ्यात न वापरलेल्या मोरीचा ट्रॅप असाच सुकतो. त्यात अधूनमधून तांब्याभर पाणी ओतावे.

म्हणून बांधवांनो, काम देतानाच मिस्त्रीला बजावा. जुना पाइप नव्या गच्चीच्याही वर गेला पाहिजे. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे त्याचे टोक गच्चीच्या कठड्याहून दीड मीटर उंच हवे. दहा फुटांच्या आत खिडकी असेल, तर तिच्या माथ्याहूनही तितकेच उंच हवे. धुळ्याच्या गल्ल्यांत भिंतीला भिंत लागलेली असते. आपला वास शेजाऱ्याच्या खिडकीत सोडून भांडण का ओढवावे? टोकाला जाळीची टोपी चालेल, बंद टोपी नव्हे. फरशी बसवण्यापूर्वी वर फ्लश सोडा आणि खाली कान द्या. मोरी गुडगुडली तर काम पुरे झालेले नाही, मजुरीचा शेवटचा हप्ता थांबवा.

जळगावचे पीव्हीसी पाइप देशभर जातात. त्याच जळगाव-धुळ्यात चार हात पाइप वाचवून भिंती फोडण्याची पाळी यावी, हा कोणत्या हिशेबाचा व्यापार?