ताम्हिणीपलीकडे नेणारी गाडी

बावधनकरांचे दोन रस्ते. एक चांदणी चौकातून शहरात जाणारा. दुसरा भूगाव, पिरंगुट, पौड करत मुळशी धरणाच्या कडेने ताम्हिणी घाटात शिरणारा. पहिल्यासाठी कुठलीही गाडी चालते. आम्ही गाडी घेतली ती दुसऱ्यासाठी. माणगावच्या पुढे आमचं गाव आहे. घरात सात माणसं, त्यातली दोन सत्तरीच्या पुढची, आणि गणपतीला जायचं म्हणजे जायचंच. घराकडचा शेवटचा तुकडा अजून कच्चा आहे. सगळ्यांना नीट बसवून त्या चिखलातून वर चढेल अशी गाडी हवी होती आणि नवी घेण्याइतके पैसे नव्हते. म्हणून सेकंडहँड टाटा आरिया घेतली, फोर बाय फोर.

आरिया आज अनेकांना आठवतही नाही. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये ती बाजारात आली. फार खपली नाही. २०१७ मध्ये तिची जागा हेक्साने घेतली आणि २०२० मध्ये बीएस-६ लागू झाल्यावर हेक्साही थांबली. मला याचं वाईट वाटतं, कारण मोठ्या कुटुंबाची दणकट गाडी हे पुण्याच्या कारखानदारीचं जुनं स्वप्न आहे. टाटांची इस्टेट १९९२ ची. पुढे २०११ पासून चाकणला महिंद्राची एक्सयूव्ही ५०० बनू लागली, तिच्यातही चारही चाकांना ताकद देणारं मॉडेल होतं. आपल्या परिसरात तयार झालेल्या या गाड्या आपल्याच घाटांत कमी दिसतात. ज्यांनी जपल्या आहेत त्यांच्याशी बोललं की कळतं, सहजासहजी ते त्या विकायला तयार नसतात.

चारही चाकं सतत ओढतात असं पुष्कळांना वाटतं. आरियात तसं नाही. एरवी ती मागच्या चाकांवर चालते. मागची चाकं घसरू लागली की ट्रान्स्फर केसमधला इलेक्ट्रॉनिक क्लच आवळला जातो आणि पुढच्या चाकांकडे ताकद जाते. गावी अंगणातून निघताना हे अंगाला जाणवतं. रात्रभर पाऊस पडून लाल माती लोण्यासारखी झालेली असते. मागचं चाक जागच्या जागी फिरतं, खालून बारीक धक्का येतो आणि गाडीचं नाक पुढे ओढलं जातं. पूर्वी याच जागी आम्ही फळ्या टाकायचो, पोत्याचे तुकडे टाकायचो, शेजारच्यांना ढकलायला बोलवायचो, कधी ट्रॅक्टरने टोचन करावं लागायचं. आता म्हातारी माणसं दारातच गाडीत बसतात. एवढ्यासाठीसुद्धा ही गाडी घेणं मला योग्य वाटतं.

पण अशी जुनी गाडी घेताना बहुतेक लोक बॉनेट उघडतात, इंजिनाचा आवाज ऐकतात, किलोमीटर विचारतात आणि व्यवहार करतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की आधी खाली वाका. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. ‘२३१९’ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. चारही टायर एकाच मापाचे, शक्यतो एकाच कंपनीचे आणि सारखेच झिजलेले हवेत. दोन नवे आणि दोन गुळगुळीत असतील तर त्यांचा घेर वेगळा होतो, पुढची-मागची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरतात आणि क्लचवर विनाकारण ताण येत राहतो. तो खराब झाला की दुरुस्तीचा आकडा ऐकून लोक फोर बाय फोरच्या नावाने बोटं मोडतात. खरा दोष असतो टायरच्या खर्चात केलेल्या काटकसरीचा.

मग गाडी लिफ्टवर चढवा. आमच्या मेकॅनिकने प्रॉपेलर शाफ्ट दोन्ही हातांनी धरून उलटसुलट हलवून पाहिला. जॉइंटमध्ये खेळ असेल तर टक् असा आवाज येतो. मग ट्रान्स्फर केस आणि डिफरन्शिअलच्या सीलवरून बोट फिरवून तेलाचा ओलावा पाहिला. ही दोन्ही तेलं वेगळी, इंजिन ऑइलबरोबर ती आपोआप बदलली जात नाहीत. सर्व्हिसच्या बिलांवर त्यांची नोंद नसेल तर बदललीच नाहीत असं धरून चालावं. गाडीच्या किमतीतून टायर, तेलं आणि बुश यांचे पैसे आधी बाजूला काढावेत, मगच भाव ठरवावा.

आणखी एक गोष्ट, जिवाशी संबंध असलेली. चारही चाकांना ताकद मिळते ती पुढे जाण्यासाठी. थांबायला तिचा उपयोग नाही. ब्रेक तर प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना असतात. २०२४ च्या जुलैमध्ये ताम्हिणीत एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. तशा पावसात उतारावर सव्वादोन टनांच्या आसपासची गाडी सांभाळतात ते चांगले टायर, खालचा गिअर आणि समोरच्या गाडीपासून राखलेलं अंतर. सुट्टीच्या दिवशी फोर बाय फोरचा बिल्ला लावून वळणावर ओव्हरटेक करणारे पाहिले की संताप येतो. घाट बंद असेल तर खोपोलीकडून जावं, नाहीतर दोन दिवस थांबावं.

कागदांचंही पाहायला हवं. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, तो उतरवल्याची एनओसी आहे का, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या आहेत का. सुरुवातीच्या आरियांची पंधरा वर्षं आता भरत आहेत. त्यानंतर आरटीओत तपासणी, हरित कर आणि नोंदणीचं नूतनीकरण आलं. त्याचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५००० रुपये झालं आहे. गाडी धडधाकट असेल तर हा खर्च जरूर करावा.

रोज फक्त हिंजवडीला जाऊन येणाऱ्याने मात्र या भानगडीत पडू नये. डिझेल जास्त लागतं आणि बंद झालेल्या मॉडेलच्या सुट्या भागांसाठी वाट पाहायची तयारी लागते. मॉडेल बंद केल्यावरही निदान गाडीच्या नोंदणीइतकी वर्षं तरी सुटे भाग मिळालेच पाहिजेत, असा स्पष्ट नियम सरकारने करावा आणि गाडीमालकांनी तो मागावा. तोवर छोट्या गॅरेजवाल्यांचाच आधार. आमचा मेकॅनिक भंगारात निघालेल्या गाड्यांतले शाफ्ट, सेन्सर आणि हब काढून, धुऊन, तेल लावून, गाडीचं साल लिहिलेल्या चिठ्ठीसह फळीवर ठेवतो. कोल्हापूर, नाशिकहून लोक त्याला फोन करतात.