‘वैरणे’ म्हणजे काय रे भाऊ?

माझी शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे मराठीशी छत्तीसचा आकडा! २०२० च्या कायद्याने आता शाळांत मराठी सक्तीची झाली, म्हणून सहावीतल्या चुलत बहिणीला प्रोजेक्ट मिळाला: घरातले जुने शब्द. आजी म्हणाली, “लिही, वैरणे.” मला आपली गुरांची वैरण आठवली! पण जात्यात दाणे घालायचे किंवा आधणात तांदूळ सोडायचे, तेही वैरणंच. आम्ही मेकॅनिकलवाले ज्याला ‘फीड’ म्हणतो, तेच की हे!

२०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले. ठीक आहे. पण बहिणीच्या चार्टपेपरवर चिकटवून हा शब्द जगेल, असं मला तरी वाटत नाही. तो तोंडात हवा. काल रूमवर पार्टनरला म्हटलं, “पाणी उकळलंय, तांदूळ वैर.” तो बघतच राहिला!